जामीन आणि वाइल्ड कार्ड

२१ जून २०१९ रोजी साताऱ्याचे पोलीस गोरेगावच्या फिल्मसिटीत शिरले. मराठी ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. घरात असलेले साताऱ्याचे अभिजीत बिचुकले यांच्यावर धनादेश न वटल्याच्या प्रकरणात न्यायालयानं वॉरंट काढलं होतं. पोलिसांनी त्यांना सेटवरून ताब्यात घेतलं आणि साताऱ्याला नेलं. धनादेशाच्या प्रकरणात जामीन झाला. पण २०१२ सालच्या खंडणीच्या एका तक्रारीचं प्रकरण पुढे आलं आणि कोठडीतला मुक्काम लांबला. दोन्ही आरोप तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

महाराष्ट्राला हे नाव तोवर निवडणुकांमुळे ठाऊक होतं. निवडणूक लहान असो की मोठी, ‘कवी मनाचा नेता’ म्हणवणाऱ्या या उमेदवाराचा अर्ज ठरलेला. त्यामुळे अटकेची बातमी आली तेव्हा लोकांना धक्का कमी आणि करमणूक जास्त झाली. कट्ट्यावर, लोकलमध्ये, ऑफिसात डबे उघडताना जे बोललं जात होतं ते साधारण तीन वाक्यांत मावेल. ‘हा शोचाच स्टंट असणार.’ ‘धनादेशासाठी याला उचलतात आणि हजारो कोटी बुडवणारे परदेशात मजेत राहतात.’ ‘मग आता परत कधी येणार?’

चौथं वाक्य फारसं कानावर आलं नाही: ज्याच्या हातात तो न वटलेला धनादेश होता, त्याचं पुढे काय झालं?

रिअ‍ॅलिटी शोमधला माणूस पकडला गेला की पहिली तीन वाक्यं ठरल्यासारखी येतात आणि चौथं राहून जातं. लोणावळा, बंगळुरू, हैदराबाद, नोएडा अशा गेल्या दहा-बारा वर्षांतल्या अटका एकापुढे एक मांडून पाहिल्या, की ते का राहून जातं हे कळू लागतं.

प्रेक्षकाला लागलेल्या सवयी

नेदरलँड्समध्ये १९९९ साली ‘बिग ब्रदर’ सुरू झालं. २००६ मध्ये ते ‘बिग बॉस’ होऊन हिंदीत आलं, आणि २०१८ मध्ये मराठीत. चार भिंतींत माणसं कोंडायची, चोवीस तास कॅमेरे लावायचे आणि कोण राहणार, कोण जाणार हे प्रेक्षकांच्या मतांवर सोडायचं, हा सगळीकडचा साचा. मराठीत महेश मांजरेकर शनिवार-रविवारी येऊन घरातल्यांची शाळा घेत, आणि आठवडाभर ज्याच्यावर आपण चिडलो होतो त्याला बोलणी बसली की घरोघरी समाधान वाटे.

या खेळानं प्रेक्षकाला काही सवयी लावल्या. भांडण दिसलं की बाजू घ्यायची. निकाल आठवड्याच्या आत द्यायचा, तोही दिवसभराच्या चित्रीकरणातून कापून काढलेल्या तासाभरावर. आणि बाहेर गेलेला माणूस कायमचा गेला असं मानायचं नाही, कारण वाइल्ड कार्ड नावाचं दार असतं.

सिनेनटाच्या अटकेपेक्षा ही गोष्ट इथेच वेगळी होते. संजय दत्तला १९९३ मध्ये अटक झाली तेव्हा चाहत्यांच्या डोळ्यांपुढे त्याच्या भूमिका होत्या. घरातला माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. रिअ‍ॅलिटी शोमधला स्पर्धक मात्र आपल्यासमोर दात घासतो, पोळ्या लाटतो, आईच्या आठवणीनं रडतो. त्यामुळे तो पकडला गेला की प्रत्येक जण साक्षीदार होतो. ‘तो असं करणारच नाही’ हे जितक्या खात्रीनं सांगितलं जातं, तितक्याच खात्रीनं ‘हा असाच आहे, मी तर दुसऱ्याच आठवड्यात म्हटलं होतं’ हेही. दोन्ही साक्षींचा पुरावा एकच, टीव्ही.

आणि वाहिनीही या सवयीला खतपाणी घालते. बिचुकले जामिनावर सुटले आणि त्याच पर्वात पुन्हा घरात गेले. दोन वर्षांनी हिंदी ‘बिग बॉस’च्या पंधराव्या पर्वानंही त्यांना वाइल्ड कार्ड दिलं. कोर्टातली तारीख आणि शोमधला भाग प्रेक्षकाच्या डोक्यात एकाच वेळापत्रकात बसले, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

लोणावळा, डिसेंबर २०१३

घरातून अटक होण्याची ही पहिली वेळ नव्हती. हिंदी ‘बिग बॉस’च्या सातव्या पर्वाचं घर लोणावळ्यात होतं. सोफिया हयात ही स्पर्धक बाहेर पडल्यावर मुंबईत सांताक्रूझ पोलिसांकडे गेली आणि घरात असताना सहस्पर्धक अरमान कोहलीनं आपल्याला मारलं अशी तक्रार तिनं दिली. घटना लोणावळ्याची म्हणून तक्रार तिकडे वर्ग झाली. १६ डिसेंबरच्या रात्री लोणावळा पोलिसांनी कोहलीला घरातून नेलं, दुसऱ्या दिवशी जामीन झाला आणि तो पुन्हा घरात हजर झाला.

या प्रकरणात तक्रारदार अनोळखी नव्हती. तिचा चेहरा, नाव, आवाज प्रेक्षकांना पाठ होता. तरीही तिच्या वाट्याला आले ते नेहमीचेच प्रश्न: तेव्हाच का बोलली नाही, आता प्रसिद्धी हवी आहे का, एवढं काय झालं होतं. कॅमेऱ्यांनी गजबजलेल्या घरात जे घडलं त्याचं चित्रीकरण असणारच, मग ते पाहून पोलीस आणि कोर्ट ठरवतील, असं म्हणून थांबणारे थोडे. बहुतेकांनी आपापला निकाल आधीच देऊन टाकला होता. कोहलीच्या परतण्याची चर्चा झाली, ती घरातली समीकरणं आता कशी बदलणार याची. ज्या बाईनं तक्रार केली तिला हे परतणं पाहून काय वाटलं असेल, हा त्या चर्चेचा विषय नव्हता.

धनादेशाचा कायदा

बिचुकले प्रकरणात लोकांना सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की एका धनादेशासाठी माणसाला थेट उचलतात. इथे कायदा थोडा उलगडून पाहायला हवा.

परक्राम्य संलेख अधिनियम हा १८८१ चा कायदा. त्यात कलम १३८ आलं १९८८ च्या दुरुस्तीनं आणि १ एप्रिल १९८९ पासून ते लागू झालं. खात्यात पैसे नाहीत म्हणून धनादेश परत आला, तर बँकेकडून तसं कळल्यापासून तीस दिवसांत देणेकऱ्याला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला त्याला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर महिन्याभरात न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे धनादेश परत आला म्हणून पोलीस दुसऱ्या दिवशी दारात उभे राहत नाहीत. आधी समन्स निघतं. आरोपी तारखांना आला नाही की वॉरंट निघतं, आणि पोलीस येतात ते या वॉरंटवर.

हे ठाऊक असलेला माणूस ‘एवढ्याशा पैशासाठी?’ असं विचारणार नाही. तो विचारेल, किती तारखा झाल्या?

आणि तारखा मोजणारे या देशात कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये या खटल्यांच्या दिरंगाईची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा २०१९ अखेरचा आकडा पुढे आला: प्रलंबित २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून अधिक एकट्या कलम १३८ चे. सिमेंट-लोखंड उधार देणारा दुकानदार, मंडप घालणारा, सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार, हातउसने पैसे दिलेला मित्र अशी ती माणसं. संध्याकाळी ‘बिग बॉस’ लावून बसणाऱ्या घरांतही त्यांतलं कुणी ना कुणी असणार. तरीही त्या जून महिन्यात सहानुभूती गेली ती पडद्यावरच्या माणसाकडे, कारण पडद्यावर तोच होता.

सोन्यात मढवलेलं नख

लोकांची प्रतिक्रिया नेहमी वायाच जाते असंही नाही. कन्नड ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात काय झालं ते पाहा.

वर्तूर संतोष हा हळ्ळीकार जातीचे बैल पाळणारा, अंगावर भरपूर सोनं मिरवणारा स्पर्धक. त्याच्या गळ्यातल्या साखळीत वाघनख दिसतंय अशी तक्रार वनखात्याकडे गेली आणि २२ ऑक्टोबर २०२३ रोजी वनाधिकाऱ्यांनी त्याला सेटवरून नेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यानुसार वाघाचा कोणताही अवयव बाळगणं गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद होऊ शकते. काही दिवसांत जामीन झाला, संतोष घरात परतला आणि अंतिम फेरीपर्यंत टिकलाही.

पण घराबाहेर वेगळंच सुरू झालं होतं. शेतकऱ्याच्या पोराला धरता, मग बड्यांचं काय, या प्रश्नाबरोबर लोकांनी जुने फोटो धुंडाळायला घेतले. लग्नातले, मुलाखतींतले, पूजेतले. कुणाच्या गळ्यात काय आहे ते शोधून तक्रारी झाल्या. अभिनेता दर्शन, अभिनेते आणि खासदार जग्गेश, अभिनेते-राजकारणी निखिल कुमारस्वामी अशांच्या घरी वनाधिकाऱ्यांना तपासणीला जावं लागलं. निखिल यांनी आपलं लॉकेट नकली असल्याचं सांगितलं. पुढे सरकारनं लोकांकडच्या अशा वस्तू जमा करण्यासाठी मुदतही जाहीर केली.

‘मोठे सुटतात’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा सुस्कारा म्हणून येतं आणि तिथेच संपतं. बंगळुरूत त्याचा अर्ज झाला. प्रश्न व्यक्तीवरून वस्तूकडे आणि वस्तूवरून कायद्याकडे सरकला. महाराष्ट्रातही आजोबांच्या पेटीतलं, सोन्यात मढवलेलं वाघनख बाळाच्या गळ्यात घालणारी घरं आहेत. त्यांतल्या काहींना हा गुन्हा आहे हे कदाचित त्या अटकेमुळेच कळलं असेल. वाघाची बाजू मांडायला कुणी उभं राहिलं नाही हे खरं, पण निदान कलम तरी लोकांच्या तोंडी आलं.

बसच्या फुटलेल्या काचा

दोनच महिन्यांनी हैदराबादेत चाहत्यांचं दुसरं रूप दिसलं. तेलुगू ‘बिग बॉस’च्या सातव्या पर्वाची अंतिम फेरी १७ डिसेंबर २०२३ रोजी अन्नपूर्णा स्टुडिओत झाली. सूत्रसंचालक नागार्जुन. जिंकला पल्लवी प्रशांत, गजवेलजवळच्या खेड्यातला, ‘रैतू बिड्डा’ म्हणजे शेतकऱ्याचं लेकरू म्हणून मतं मागणारा तरुण. बक्षिसाची रक्कम शेतकऱ्यांना देईन असं त्यानं जाहीर केलं होतं.

त्या रात्री स्टुडिओबाहेर जमलेल्या गर्दीनं उपविजेता अमरदीप चौधरी आणि इतर स्पर्धकांच्या गाड्या फोडल्या, आणि राज्य परिवहनच्या सहा बसच्या काचा. तेलंगणात महिलांना या बसमधून मोफत प्रवास सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. पोलिसांचं म्हणणं असं, की विजेत्याला परत न येण्याची सूचना दिली होती, तरी तो मिरवणुकीच्या थाटात आला आणि गर्दी बेकाबू झाली. २० डिसेंबरला त्याला गावातून अटक झाली, चंचलगुडा तुरुंगात रवानगी झाली आणि दोन दिवसांत जामीन मिळाला.

शेतकऱ्याचं लेकरू तुरुंगात म्हटल्यावर हळहळ होणं स्वाभाविकच. त्यानं स्वतः दगड उचलला असं कुणी म्हणत नव्हतं, त्यामुळे अटकेची गरज होती का हा प्रश्नही रास्त होता. पण या हळहळीत बसचा चालक कुठे होता? काचा फुटत असताना आत बसलेल्या बाया कुठे होत्या? परिवहन महामंडळाचे प्रमुख सज्जनार यांनी जाहीर निषेध केला म्हणून बसचं निदान नाव तरी निघालं. विजेत्याची कहाणी गरीब घरातल्या मुलाची होती. बसमध्ये बसलेल्यांचीही तीच होती, पण त्यांच्यासाठी मतदान झालेलं नव्हतं.

छप्पन्न लाख आणि एकशे पंचावन्न

एल्विश यादव ‘बिग बॉस ओटीटी’च्या दुसऱ्या पर्वात वाइल्ड कार्डनं आला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जिंकला. नोव्हेंबरमध्ये नोएडात गुन्हा दाखल झाला. तक्रार होती प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची: पार्ट्यांसाठी साप आणि सापाचं विष पुरवलं जातं. छाप्यात नऊ साप आणि वीस मिलिलिटर विष सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. १७ मार्च २०२४ रोजी यादवला अटक झाली, पाच दिवसांनी जामीन. आरोप त्यानं नाकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटल्याच्या कामकाजाला स्थगिती दिली. दरम्यान तो ‘रोडीज’मध्ये स्पर्धकांच्या टोळीचा म्होरक्या म्हणून पडद्यावर परतलाही होता.

अटकेच्या आठवड्यात देशात जणू दोन तट पडले. एकाला तो निर्दोष असल्याची खात्री, दुसऱ्याला तो दोषी असल्याची. दोन्ही तटांचं वय, भाषा, शिव्या सारख्याच. या भांडणात साप मात्र कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत.

चाहत्यांच्या या फौजा पाहून वाटतं, की एवढं प्रेम म्हणजे केवढी ताकद. त्याचा हिशेब वर्सोव्यात लागला. ‘बिग बॉस’च्या सातव्या पर्वातला एजाज खान मार्च २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात पकडला गेला आणि सव्वीस महिने तुरुंगात राहून मे २०२३ मध्ये जामिनावर सुटला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं वर्सोवा विधानसभा लढवली. इन्स्टाग्रामवर त्याच्यामागे सुमारे छप्पन्न लाख लोक होते. मतं पडली १५५. ‘नोटा’ला त्याहून कितीतरी जास्त. त्याआधी २०२३ च्या कसबा पोटनिवडणुकीत बिचुकले यांना मिळाली होती ४७.

पाहणारा, पाठीराखा आणि मतदार ही तीन वेगळी माणसं आहेत, हे या आकड्यांवरून दिसतं. अटकेच्या दिवशी जो गलका होतो तो बहुतांशी पाहणाऱ्यांचा असतो, आणि पाहणारा पुढच्या बातमीबरोबर निघून जातो. तुरुंगातले सव्वीस महिने कुणी पाहत नसतं.

आधी तुरुंग, मग शो

उलट दिशेची वाहतूकही जुनी आहे. जून २००६ मध्ये दिल्लीत अमली पदार्थांच्या प्रकरणात राहुल महाजन यांना अटक झाली; वडील प्रमोद महाजन यांच्या निधनाला तेव्हा महिनाच झाला होता. २००८ च्या ‘बिग बॉस’मध्ये ते आले, आणि बनावट पारपत्राच्या खटल्यात तुरुंगवास भोगलेली मोनिका बेदीही त्याच घरात आली. २०१० मध्ये तर टीव्हीवर राहुल यांचं स्वयंवर झालं. वाहिन्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, की अटक झालेल्या माणसाबद्दल लोकांना कुतूहल असतं आणि कुतूहल विकता येतं.

२०२२ मध्ये ‘लॉक अप’ नावाच्या शोनं तुरुंगच उभारला. सेटवर कोठड्या, स्पर्धकांना कैदी म्हणायचं. त्यात पहिला आला विनोदवीर मुनव्वर फारुकी, दुसरी पायल रोहतगी. दोघंही खऱ्या कोठडीत राहून आलेले. रोहतगीला नेहरू कुटुंबाविषयीच्या चित्रफितीवरून डिसेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या बुंदी पोलिसांनी पकडलं होतं. फारुकीला धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये.

विष, मारहाण, अमली पदार्थ यांच्या पंक्तीला ही दोन प्रकरणं बसवता येत नाहीत. इथे प्रश्न बोलण्याचा होता. फारुकीला उच्च न्यायालयानं जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयात न्या. रोहिंटन नरिमन आणि न्या. भूषण गवई यांनी अंतरिम जामीन देताना अटकेची विहित पद्धत पाळली गेली नसल्याचं नोंदवलं. ती पद्धत ‘अर्नेश कुमार’ खटल्याच्या २०१४ च्या निकालानं पक्की केलेली आहे: सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात केवळ गुन्हा दाखल झाला म्हणून अटक करायची नाही, तिची गरज लेखी दाखवायची.

म्हणजे कधी अटकच चुकीची असू शकते आणि कधी अटक व्हायला फार उशीर झालेला असू शकतो. यातलं काय खरं, ते चेहऱ्यावरून कळत नाही. कलमावरून आणि कागदावरून कळतं. फारुकी पुढे जानेवारी २०२४ मध्ये ‘बिग बॉस’ही जिंकला आणि डोंगरीत त्याच्या स्वागताला रस्ते भरून वाहिले. त्या गर्दीला तो निर्दोष असल्याचा पुरावा मानणारे होते, आणि त्याचं यश म्हणजे समाजाच्या ऱ्हासाचा पुरावा मानणारेही होते. गर्दी यातलं काहीच सिद्ध करत नाही.

पुढची तारीख

सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ या विचाराचा पाया न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये घातला. यातलं एक अंग आपण लवकर विसरतो: जामीन मिळाला म्हणून खटला संपत नाही. शोच्या सवयीमुळे जामीन हाच शेवटचा भाग वाटतो. माणूस गेला, माणूस आला, झालं.

पुढची अटक होईलच; वाहिन्या आहेत, पर्वं आहेत आणि भांडखोर स्पर्धकांना मागणी आहे. त्या दिवशी प्रत्येकानं मत आवरून बसावं असं सांगण्यात अर्थ नाही. बोलणं थांबणार नाही आणि थांबूही नये; बंगळुरूत ते उपयोगी पडलं होतं. पण बोलण्याआधी तीन गोष्टी विचारता येतील. कलम कोणतं? तक्रार कोणाची? पुढची तारीख कधी? पहिल्या प्रश्नानं अटक गरजेची होती का ते कळू लागतं. दुसऱ्यानं पडद्याबाहेरचा माणूस गोष्टीत येतो. तिसरा प्रश्न वाहिन्यांना अडचणीचा आहे, कारण तारखेला दाखवण्याजोगं काही नसतं: वकील नाही, साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. पण तक्रारदार तिथे प्रत्येक वेळी स्वतःच्या खर्चानं, रजा टाकून आलेला असतो. वाइल्ड कार्डानं कोण परतलं याची आठवण आपल्याला वर्षानुवर्षं राहते. खटल्याचं काय झालं हे विचारायलाही तेवढीच स्मरणशक्ती लागते, जास्त नाही.